साक्ष तिसऱ्यांची

सरकारी कागदावर मी आयुष्यात एकदाच खोटी सही ठोकली, आणि तीही तिसऱ्यांसाठी. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या त्या छोट्या शिंपल्या. माझ्या माहेरी, कोकणात, त्यांच्यापायी माणसं जेवणाच्या पाटावर रुसून बसतात. पण खोटी साक्ष कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. तो मान माझा.

खडकीच्या कारखान्यातल्या कचेरीतून मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. साठीची घोडी, पण अक्कल यायची होती. विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत एक मासेवाली बसायची. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला ताई; वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दर रविवारी त्यांच्याकडे तिसऱ्या यायच्या. त्या निवडायची एक रीत असते. जिवंत तिसरी तोंड मिटून असते. उघडी दिसली तर दुसरीवर टकटक करायची. जीव असेल तर हळूच मिटते. नाही मिटली तर मेली, आणि मेलेली खायची नाही. ही विद्या अख्ख्या पुण्यात मला एकटीलाच येते अशी माझी समजूत. त्यामुळे अर्धा तास टकटक करत बसायचे आणि मागे ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना वर व्याख्यान.

त्या रविवारी ढिगातल्या निम्म्या तिसऱ्या आ वासून पडल्या होत्या. गाडी घाटात अडकली, बर्फ वितळला, असं मावशी म्हणाल्या. मी वेचून वेचून पिशवीभर जिवंत काढल्या, पैसे दिले आणि उठणार, तेवढ्यात अन्न सुरक्षा अधिकारी आले. तिशीतला तरुण, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मावशींचा परवाना पाहिला, माल कुठल्या खाडीतला, कधी निघाला ते विचारलं, आणि तिसऱ्यांच्या ढिगात थर्मामीटर खुपसला.

"ताप आहे का हो त्यांना?" मी विचारलं.

गल्ली हसली. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आहे, तो घेताना बाहेरचा एक साक्षीदार लागतो, तर आपण सही कराल का, असं त्यांनी मलाच अदबीनं विचारलं. मी म्हटलं, करीन की, पण याआधी तुम्ही तिसरी पाहिलीत का कधी? नाही म्हणाले, मी लातूरकडचा. खरं ते सरळ सांगितलं बिचाऱ्यानं. गल्ली पुन्हा हसली आणि मला चेव आला.

सील करायचं सामान काढायला ते स्कूटरच्या डिकीकडे वळले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरला होता. नमुना नापास झाला तर धंदा बंद. मी काय करावं? माझी पिशवी त्यांच्या परातीत रिकामी केली, तो ढीग गोणपाटाखाली सरकवला, आणि साहेब परत येईपर्यंत हात पुसत साळसूदपणे उभी. त्यांनी परातीतल्या तिसऱ्या घेतल्या, त्यांचे भाग पाडले, एकेक सील केला. विक्रीच्या मालातून माझ्यासमक्ष नमुना घेतला, अशा अर्थाच्या मजकुराखाली मी झोकात सही केली. कचेरीत जन्म गेलेला, सहीला वळण होतं.

काय पण बाई आहे मी, असं स्वतःचंच कौतुक करत जिना चढले. मावशी तो ढीग आता टाकून देतील, हे मी मनाशीच ठरवून टाकलं होतं. त्यांना तसं सांगितलं मात्र नव्हतं.

जिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली. नागपूरकडची, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, इथे एकटीच राहायची. तिसऱ्या तिनं पहिल्यांदा खाल्ल्या त्या माझ्याकडे. आज स्वतः करून बघणार होती, मावशींकडेच निघालेली, म्हणून कशा निवडायच्या ते विचारायला थांबली. एरवी मी तिला तासभर सोडलं नसतं. पण मला पराक्रम सांगायची घाई. अदलाबदल तेवढी गाळली आणि म्हटलं, "निवडायचं काय त्यात, आज सरकारनं तपासल्यात. मीच सही करून आलेय." नमुना घेतला म्हणजे तपासला असं होत नाही, हे कागदांत आयुष्य घालवलेल्या बाईला कळू नये?

सोमवारी ती दवाखान्यात होती, हाताला सलाईन. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तिनं तिसऱ्या सांगितल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत जायचं धाडस होईना.

बुधवारी साहेबांची कचेरी शोधत गेले. वाटलं, आता ओरडतील, मग मलाही चार शब्द बोलता येतील. त्यांनी सगळं ऐकलं, कोरा कागद पुढे सरकवला आणि लिहून द्या म्हणाले. लिहून दिलं. सही वेडीवाकडी आली. त्याच दुपारी ते पुन्हा गल्लीत गेले, आणि मावशींची जागा बरेच दिवस रिकामी राहिली. आता त्या पुन्हा बसतात. माल कुठला, कधीचा, याची चिठ्ठी पाटीला लावलेली असते. मला मासे देतात, निवडूनही देतात. पण ताई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. नातवंडांना वाटतं, आजीचा केवढा मान आहे.

मुलगी घरी आली त्या दिवशी मी मऊ भात घेऊन खाली गेले. ती चार घास खाईपर्यंत थांबले, मग पिशवी, परात, गोणपाट, काही न गाळता सांगितलं. रागावेल, ताटली सरकवून देईल, याची मनाची तयारी केली होती. तिनं भात संपवला, चमचा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "काकू, वास तर आला होता मला. फेकूनच देणार होती मी. पण म्हटलं, तुम्ही सही केली आहे ना."