जोडलेलं टोक

तुमचे आजोबा गेल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. दुपारी खुर्चीतच गेले, त्रास झाला नाही, हेही सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तिला आता दीड महिना झाला. समोरासमोर ती मला बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तुम्ही त्यांना नेहमी विचारायचात, आजोबा, तुमचा विषय काय? ते हसून म्हणत, "खोटी शोधूचो," म्हणजे उणिवा शोधण्याचा. लग्नानंतर मीही हेच विचारलं होतं, तेव्हा ते मला वेंगुर्ल्याच्या आमच्या काजूच्या बागेत घेऊन गेले. तिथे कातळ लागल्यामुळे झाडांची एक ओळ मधेच थांबली आहे आणि पुढे शेजारच्या ओळी सरकून तिची जागा भरतात. त्या जागेभोवती त्यांनी मला चालायला लावलं. एका झाडापासून निघून दहा झाडं पूर्वेला, दहा उत्तरेला, दहा पश्चिमेला, दहा दक्षिणेला.

"खंय पोचलंस गो?"

"शेजारच्या झाडाकडे. मोजूक चुकलंय वाटता."

"चुकाक नाय. इंग्लिशची मास्तरीण आसस, धापर्यंत येता तुका. ह्यां जां एक झाड उणां पडलां, तांच त्या तुटल्या वळीचां माप."

धातूच्या आत अणूंच्या ओळी अशाच असतात, आणि अशाच कुठेतरी तुटतात. फेरी मारून माणूस निघाल्या जागी परत येत नाही, थोडं अंतर उरतं. अशा खोटी धातूभर पसरल्या, की आतला अवकाशच पिळलेला आहे असं मानून गणित करायचं. डिफरन्शियल जिऑमेट्री नावाच्या गणितातला तो पीळ त्यांनी आयुष्यभर मोजला. मला समीकरणं कळली नाहीत, बाग कळली... निदान मला तसं वाटत होतं.

निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी गेली. शेवटचा शोधनिबंध त्यांनी तोंडी सांगितला आणि मी टाइप केला. आकृती मात्र त्यांनी स्वतः काढली होती, चाचपडत, जाड पेनाने. मी ती ट्रेसिंग पेपरवर स्वच्छ उतरवली. फेरीची रेघ कोपऱ्यात जुळत नव्हती. हात थरथरला असेल असं मला वाटलं. माझ्या हातून कधी गबाळा कागद बाहेर गेलेला नाही, म्हणून मी पट्टी ठेवली आणि टोकाला टोक जोडून दिलं. बाग तेव्हा आठवली नाही.

तीन महिन्यांनी जर्नलचं उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचत होते. निबंध नाकारला होता. लेखकाच्या स्वतःच्याच आकृतीत फेरी बंद होते, तेव्हा मूळ कल्पनेबाबतच त्याचा गोंधळ दिसतो, असं परीक्षकाने लिहिलं होतं. ते वाक्य वाचता वाचताच मला कळलं.

त्यांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मियांच जोडलंय काय गो तां टोक?"

मुलांनो, मी तेव्हा 'नाही' म्हणायला हवं होतं.

"असात," मी म्हटलं, "वय झालां मां आता."

"होय तर," ते म्हणाले. "डोळे गेले तां समजलां होतां. आता ह्यांय गेलां." आणि त्यांनी बोटाने कपाळावर हळूच टिचकी मारली.

त्यानंतर त्यांनी मला एक ओळही सांगितली नाही. मी वही घेऊन बसायची. "नको, चुकान काय तरी सांगेन," म्हणायचे. रोज ठरवायची, आज चहाच्या वेळी बोलू. असे अकरा दिवस गेले...

जर्नलला मी खरं कळवलं आहे. त्यांचं सौजन्याचं उत्तर आलं, सुधारलेली आकृती पाठवा म्हणून. पाठवीन. पण ज्याला ते कळायला हवं होतं, तो माणूस आपली बुद्धी गेली असं समजून गेला.

त्यांच्या टेबलावरचे कागद मी अजून आवरलेले नाहीत. हात धजत नाही. परवा खाडीवरून वारा सुटला आणि त्यातलं एक पान जमिनीवर पडलं. ते कुठल्या पानानंतरचं, मला सांगता येत नाही. तिथेच आहे. केर काढताना मी त्याच्या कडेकडेने काढते.