साडूच्या गाडीचं नवं तोंड

मी नवी गाडी घेतली ती चालवण्यासाठी नव्हे, साडूला दाखवण्यासाठी.

विलासराव म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार अकोला. नोकरीत पुढे, बंगल्यात पुढे, सासुरवाडीच्या मानपानात तर फारच पुढे! पण त्यांनी उंच बसणीची छोटी गाडी घेतली आणि कंपनीनं लगेच तिचंच नवं मॉडेल काढलं. जाळी नवी, दिवे नवे, इंजिन दमदार, शिवाय मागे कॅमेरा! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी तीच गाडी घेतली आणि विलासरावांना अमरावतीला पूजेला बोलावलं.

त्यांनी आपली गाडी माझ्या गाडीच्या मागे लावली. बायको बॉनेटवर स्वस्तिक काढत होती, आई काजळाची डबी घेऊन गाडीभोवती फिरत होती. मी साडूच्या मागे लागलो होतो.

"पाहा, चेहराच वेगळा! तुमचं मॉडेल आता जुनं झालं."

"चाकं तं चारच हायेत ना, भाऊ?"

"अहो, आता मान वळवाचं कामच नाई. मागचं सारं गाडीलेच दिसते!"

"मंग घ्या ना मागं. पाहू द्या आमाले बी."

मी ऐटीत बसलो, रिव्हर्स टाकला. पडद्यावर अमावास्या! गाडी टीं टीं करू लागली.

"काहून बोंबलून राहिली थे?" विलासरावांनी विचारलं.

"नवी हाय. लाजून राहिली!"

खरं तर मान वळवली असती तर भागलं असतं. पण साडूसमोर? (प्राण गेला तरी नाही!) मी मान ताठ ठेवून गाडी मागे घेतली.

धाड!

विलासरावांच्या गाडीची जाळी, बंपर आणि एक दिवा अंगणात आला.

आई धावत आली. "थांब ना बाप्पा! मांगं तिले बारका डोया दिसला, म्हून म्या तीट लावली. असी नवी-कोरी गाडी, नजर नाई लागन काय?"

तीट कसली, कॅमेऱ्यावर बोटभर काजळ थापलं होतं! विलासराव पोट धरून ओट्यावर बसले. मला रडू येत होतं.

गॅरेजवाला त्यांना म्हणाला, "साहेब, जुन्या मॉडेलचं तोंड आता येत नाई. नव्याचं बसवू काय?"

"बसव, बसव! पैसे भाऊच देऊन राहिले."

माझ्या गाडीचा मागचा दरवाजा चेपला तो चेपलाच. पार्ट येईपर्यंत सुतळीनं बांधलाय. विलासराव मात्र नवी जाळी, नवे दिवे मिरवत अकोल्याला गेले. आता गल्लीतले लोक मला विचारतात, "भाऊ, साडूची जुनी गाडी घेतली काय?"