जहाजावर नेलेले सुके बोंबील

नाशिकला कॉलेजात असताना शिडाच्या जहाजातून मॉरिशसला जाणाऱ्या विद्यार्थ्यांत माझी निवड झाली, तेव्हा आमच्या पाड्यावर कोणालाच ते खरं वाटलं नाही. मोखाड्याच्या डोंगरात वाढलेल्या मी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, ओहोटीच्या वेळी.

आईला समुद्राची धास्ती नव्हती, माझ्या जेवणाची होती. तिने मोखाड्याच्या बाजारातून सुके बोंबील आणले आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीच्या तळाशी कोंबले. मी म्हटलं, अगं, समुद्रावरच चालले आहे, तिथे माशांना काय तोटा?

"तठं तुला मासं धरून कोण देल?" ती म्हणाली.

जहाजाच्या पुढच्या टोकाला मुलींची झोपायची खोली होती. पाणी आत येतं म्हणून तिची खिडकी बंद असायची. मुंबईचा किनारा दिसेनासा झाला आणि एकेक मुलगी बादली जवळ ओढून आडवी झाली. त्यातच वास सुटला. माझ्या वरच्या फळीवर पुण्याची एक मुलगी होती. ओकून ओकून अर्धी झालेली. खोलीत उंदीर मेलाय अशी तक्रार तिनेच केली. आमच्या प्रशिक्षक मॅडम बॅटरी घेऊन फळ्यांखाली शिरल्या. उंदीर काही सापडेना. शेवटी सगळ्यांच्या पिशव्या उघडायची वेळ आली, तेव्हा मी मुकाट्याने गाठोडं पुढे केलं.

मॅडमनी ते सोडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि अगदी शांतपणे विचारलं, समुद्रावर मासे आणायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? आईच्या, असं मी सांगितलं.

गाठोडं जहाजाच्या मागच्या कठड्याला टांगायचं ठरलं. पण वारा मागून येत होता, त्यामुळे सुकाणू धरणाऱ्याच्या नाकात थेट बोंबील जायचे. मग ते डोलकाठीवर उंच गेलं. रोज दुपारी ते खाली उतरवून उन्हात पसरायचं आणि पुन्हा वर चढवायचं, हे माझं काम. शीड चढवायला मी उशिरा शिकले, बोंबील चढवायला आधी.

दरम्यान मुलांनी ताजे मासे खाऊ घालायचा विडा उचलला होता. त्यांच्या गळाला एक प्लास्टिकची पिशवी लागली आणि एकदा आमच्याच जहाजाचा दोर. एक उडता मासा मात्र आपणहून पुण्याच्या मुलीच्या मांडीवर येऊन पडला. तिने दया येऊन तो परत पाण्यात सोडला. मुलं तिच्याशी दिवसभर बोलली नाहीत.

मग जहाजावरचा फ्रिज बिघडला. भाज्या सडल्या, उरले कांदे-बटाटे. सकाळी बटाटे, संध्याकाळी बटाटे. आमचे आचारी मालवणकडचे होते. त्यांना स्वतःचाच स्वयंपाक गिळवत नव्हता. एका दुपारी ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, वरचं ते गाठोडं अजून शाबूत आहे का?

आम्ही दोघांनी बोंबील-बटाट्याचं कालवण केलं. जहाज इतकं कलत होतं की पातेलं चुलीला दोरीने बांधलं होतं, आणि मी खांबाला पाय अडकवून कांदा चिरत होते. फोडणीचा वास वर गेला तसे कप्तानसाहेब दारात आले. आता बोलणी बसणार म्हणून मी सुरी खाली ठेवली.

"सगळ्यांना पुरेल ना?" त्यांनी विचारलं.

पुरलं, पण जेमतेम. मॅडम दुसऱ्यांदा ताट घेऊन आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता उभ्या राहिल्या. पुण्याच्या मुलीने आधी नुसता रस्सा मागितला, मग थोड्या वेळाने तुकडाही.

दुसऱ्या दिवशी सुकाणूवर आम्हा दोघींची पाळी होती. तिने पहिल्यांदाच विचारलं, मोखाडा नेमका कुठे आहे? मी सांगत गेले. जव्हारपर्यंतची एसटी, पुढची जीप, जीपच्या मागे लोंबकळणारी माणसं, आमची नाचणीची शेतं. तिने मध्येच तिच्या आजोळचं सांगायला घेतलं. आम्ही दोघी इतक्या रंगलो की होकायंत्राकडे बघायचं राहूनच गेलं. शिडं फडफडायला लागली. कप्तानसाहेब धावत वर आले आणि जहाज कुठे चाललंय असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशा सांगितल्या.