बेडकांच्या खोलीतलं धुकं

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही — आणि माझ्या बायकोपासून एखादी गोष्ट लपवणं म्हणजे काय असते, ते तिले ओळखणाऱ्यालेच माहीत. तुमालेच काहून सांगून राहिलो? मले नाही सांगता येत. पण आधी एक ऐकून घ्या. मी गर्विष्ठ माणूस आहे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पाण्याचं बारीक काम कोण करते म्हणून विचारा, लोक माझं नाव घेतात. ते ऐकलं की मले बरं वाटते. खोटं कशाले बोलू?

माझं दुकान ठिबकच्या सामानाचं. नळ्या, फिल्टर, फवारे, असंच. ज्या वर्षांत कपाशीनं आमच्या वऱ्हाडाची कंबर मोडली, त्या वर्षांत ठिबक कोण घेते? सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, मधात पेपर. अशात एका दिवशी शमीम मॅडम दुकानात आल्या. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई. आवाज असा, की मी काउंटरमागं आपोआप उभाच राह्यलो. म्हणाल्या, “भाऊ, मले बेडकांसाठी पाऊस पाहिजे. आपोआप पडणारा.”

मले वाटलं, मस्करी करून राहिल्या. घरी येऊन सांगितलं तं बायको पदर तोंडाले लावून हसली. “शेतं भिजवणं सरलं, आता बेडकं भिजवा!”

पण मी गेलो त्यांच्या घरी, अकोल्याले. मागच्या अंगाले एक वेगळी खोली, आणि खोलीत काचेच्या मोठ्या पेट्या. आत झाडं, शेवाळ, आणि बेडूक. आपल्या विहिरीतले नाही हो — परदेशातले, हिरवेगार, तळहाताएवढे. मॅडमच्या भाच्यानं हैदराबादच्या पाळायच्या मासोळ्यांच्या दुकानातून आणून दिलेले. झोपाळू डोळ्यांनी फांदीवर बसून असायचे, कोणाच्या बापाचं देणं नसल्यासारखे. मॅडमनं मले सांगितलं, बेडूक तोंडानं पाणी पीतच नाही, अंगानं पिते. कातडी ओली राह्यली तं तो जगते. म्हणून त्या दिवसभर हातातल्या बाटलीनं फवारा मारायच्या. आता त्याईले हजले जायचं होतं. मुलगा नोकरीपायी सदा बाहेरगावी. घरी राहणार एकटी सून, सायमा. अचलपूरची, नवीन लग्न झालेली. बेडकाले हात लावायचं म्हटलं की तिचे डोळे मोठे व्हायचे, तरी बिचारी शिकून राह्यली होती. सासूच्या मनात जागा करायची होती तिले, दुसरं काय?

आता कामाचं ऐका, कारण ते मी मस्त केलं होतं. भाचा म्हणे बाहेरून तयार सेट मागवू. मी म्हटलं, कशाले? आधी कूलरचा पंप लावून पाह्यला — थेंब मोठे, बेडकाच्या डोक्यावर टपटप. नापास. मंग पॉलीहाउसातले फवारे आणले — ते एवढं पाणी फेकत, की पेटीचं तळं होईल. शेवटी घरच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनीत असते ना, तो दाबाचा छोटा पंप घेतला, बोटापेक्षा बारीक नळी, आणि पितळेचे नोझल, ज्यांचं छिद्र डोळ्याले दिसत नाही. पंप थरथरला की बेडूक बिचकत, म्हणून त्याच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाकला. वेळ लावायले टायमर, लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर, खाली साचलेलं पाणी बाहेरच्या जास्वंदीले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट — एक नळी दिसत नव्हती. कुठंच नाही! बटन दाबलं की काचेआड नुसतं धुकं. ऑक्टोबरच्या त्या उन्हात, अकोल्यात, धुकं! मॅडमच्या तोंडून “माशाअल्लाह” निघालं, आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आजही फुगते.

आता — ती नळी काहून दिसत नव्हती, ते सांगतो.

त्या घरात पाणी दोन जागी होतं. बोअरचं, जे छतावरच्या टाकीतून खोलीच्या भिंतीमागून खाली यायचं. आणि अंगणाच्या पलीकडं जमिनीत बांधलेलं टाकं, त्यात छपराचं पावसाचं पाणी. प्यायले तेच, बेडकांले तेच. मॅडमनं मले बजावलं होतं, “दिनकरभाऊ, टाक्यातलंच पाणी. बोअरचं नाही.” एकदा नाही, जाता-येता. टाकं त्या वर्षी काठोकाठ भरलं होतं. पण टाक्यापासून नळी आणायची म्हणजे अंगण ओलांडून, समोरच्या भिंतीवरून, दारावरून — सगळ्यांच्या नजरेत. बोअरची लाईन मात्र भिंतीमागंच. एक भोक पाडलं की काम खतम.

माझं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडं जमिनीत पाणी लागते, पण खारं. सोयरीक पाहायले गेलेला माणूस आधी त्या घरच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखते, मंग बसते. तसंच मी बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं. चाखलं. आणि स्वतःशीच म्हटलं — गोड तं आहे!

गोड? ज्या जिभेनं जन्मभर मचूळ पाणी पिलं, तिले काय कळते? मले माहीत नव्हतं काय? आमच्या गावच्या लग्नात बाहेरून आलेले वऱ्हाडी आमचं पाणी तोंडातून थुंकतात, हे मी डोळ्यानं पाह्यलेलं. माहीत होतं. पण भिंतीवर नळी दिसली असती ना! माझं काम बिघडलं असतं. मी बोअरले जोडलं. मॅडमनं विचारलं, “टाक्याले जोडलं ना?” मी म्हटलं, “हो. टाक्यालेच.”

मॅडम हजले गेल्या. आम्ही सगळे त्याईले पोहोचवायले गेलो होतो. गाडी सुटताना त्यांनी सायमाच्या हातात खोलीची चावी दिली.

काही दिवसांनी सायमाचा फोन. “भाऊ, बेडूक हलून नाही राहिले. या ना लवकर.” मी गेलो. मशीन तं घड्याळासारखी चालू होती — धुकं जिथल्या तिथं, वेळेवर. आणि खाली बेडूक. काही मेलेले, बाकीचे पाय पोटाशी घेऊन पडलेले, कातडी सुरकुतलेली. सायमा दाराशी उभी, दुपट्टा दातात धरून. मी एक नोझल खोललं. त्याच्या तोंडावर पांढरा थर.

तो थर मी ओळखत नाही? माझा जन्म गेला तो थर ॲसिडनं धुण्यात. खारं पाणी जिथं सुकते तिथं मीठ मागं सोडते. नळीवर सोडते, काचेवर सोडते, आणि बेडकाच्या ओल्या अंगावरही सोडते. क्षणात सगळं कळलं मले. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की बाई, माझं चुकलं.

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, “मशीन तं एक नंबर आहे. ताई, तुमी खोलीत डासांची दवाई मारली होती काय?”

अकोल्यात तेव्हा डेंग्यूची साथ होती, घरोघरी लोक दवाई मारून राह्यले होते. सायमाचा चेहरा पडला. म्हणाली, “व्हरांड्यात मारली होती, भाऊ. खोलीत नाही. दार... दार लावलं होतं का मी?” ती स्वतःलेच विचारून राह्यली होती. मी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. आणि मशीनची सर्विसिंग करतो म्हणून तिले घरात बसवलं, अन् त्याच दिवशी नळी टाक्याले जोडली. अंगणावरून, भिंतीवरून, दारावरून. राहिलेले दोन बेडूक पावसाच्या पाण्यात सावरले.

आता पाहा, कसं जुळून आलं. सायमानं त्या दिवसापासून दवाई बंद केली आणि बेडूक सुधारले — म्हणजे दवाईनंच मेले होते ना? मी जो आळ घेतला त्याची साक्ष माझ्याच नळीनं दिली. मॅडम परत आल्या, सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. सुनेपासून चावी घेतली आणि आपल्या कमरेले बांधली. नळी दारावरून काहून आली, हे त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, जुनी लाईन बंद केली, ही जास्त पक्की आहे. आणि त्या अख्ख्या अकोल्यात सांगत फिरल्या — दिनकरभाऊच्या मशीननं माझे दोन बेडूक वाचवले!

तुमाले वाटत असंल, मले लाज वाटली. वाटायले पाहिजे होती. मले आनंद झाला हो! अमरावतीच्या नर्सरीवाल्यांनी बोलावलं, मंगल कार्यालयांनी उन्हाळ्यात मांडवाले धुकं मागितलं. दुकान उभं राह्यलं ते मॅडमच्या त्या शब्दावर. नंतर नवीन बेडूक आले, त्याईले पिलंही झाली. अकोल्याच्या उन्हात परदेशी बेडकांले पिलं! ते काम माझं होतं, आणि मी त्यातला अभिमान काढून टाकणार नाही. काढताही येत नाही.

सायमाले मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. मी नोझल बदलायले गेलो होतो. ओसरीवर चहा घेऊन राह्यलो होतो, सायमा बाळाले तेल लावून राह्यली होती. मॅडमनं बाळ तिच्या मांडीवरून उचललं आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, “इनसे मेंढक नहीं संभले भाऊ, बच्ची क्या संभलेगी?” गमतीत म्हणाल्या, की खरंच, कोण जाणे. सायमानं मान खाली घातली, तेलाचे हात तसेच.

मी हसलो. नुसतं गालातल्या गालात नाही — मोठ्यानं, चहा सांडेपर्यंत. काहून हसलो? मॅडमले बरं वाटावं म्हणून. बाकी काही नाही.

मॅडम आता नाहीत. जाताना चावी कोणाले दिली असंल? सायमालेच, दुसरं होतं कोण? आणि पोरीनं त्या बेडकांची अशी निगा ठेवली आहे, की मॅडमनंही ठेवली नसती. व्हरांड्यात उदबत्तीसुद्धा लावू देत नाही. परवा सर्विसिंगले गेलो. तिची मुलगी शाळेतून आली होती, आता मोठी झाली आहे. तिनं काचेले नाक लावून विचारलं, की अम्मी, तू इतकी घाबरतेस कशाले, बेडूक कधी मरतात काय? सायमा माझ्याजवळच उभी होती. एकदम सहज बोलली. “मेरे हाथ से मरे थे, बेटा. बहुत सारे. भाऊ को पूछ, भाऊ थे उस वक्त.”

पोरीनं माझ्याकडं पाह्यलं. सायमानंही पाह्यलं — साक्षीदाराकडं पाहावं तसं, भरवशानं.

मी होकाराची मान हलवली.

ते बेडूक मी मारले. सायमानं नाही.