चिकणदगडाची पट्टी

विहिरी खोदणाऱ्या मामांच्या पहारेला कान आहेत, असं लोक चेष्टेनं म्हणत. त्यांच्या गावच्या टेकडीच्या पोटात वाळूचा दगड आणि चिकणदगड आलटून पालटून पसरलेले. पाणी वाळूच्या दगडातून झिरपतं आणि खालच्या चिकणदगडाच्या पट्टीवर येऊन थांबतं. ती पट्टी फोडली, की सगळं पाणी खालच्या कोरड्या थरात पसार! म्हणून पहारेचा खणखणीत आवाज बद्द झाला, की मामा थांबत. "अजून हातभर खणा की," म्हणून मालक मागे लागला, तर ऐकवत, "अति तिथे माती, साहेब." मालक गाल फुगवून बसे, मामा खुशाल हत्यारं आवरत.

आणि हाच माणूस बहिणीच्या परसात चुकला.

अक्का त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. लग्नानंतर तिचा जन्म शेजारणीच्या फाटकाशी बादली घेऊन उभं राहण्यात गेला. शेजारीण वाईट नव्हती, पण तिच्या कपाळावरची आठी अक्काला रोज दिसे. जगाला विहिरी दिल्या आणि सख्खी बहीण पाण्याला महाग, हे मामांना आतून खात होतं.

शेवटी त्यांनी तिच्या परसात विहीर खणायला घेतली आणि गुडघाभर पाणी लागलं. अक्का काठावरून म्हणाली, "बास झालं रे, वर ये आता."

"तुझ्यासाठी एवढंसंच?" म्हणत मामांनी पुन्हा पहार उचलली. पट्टी जाड आहे, थोडी खरवडली तर काय बिघडतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माया होती ती, दुसरं काही नाही. पण दगडाला मायेचं काय! पट्टी फुटली आणि संध्याकाळपर्यंत तळाशी नुसता चिखल उरला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या चिखलात मटकन बसून मामा लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी चिकणमाती मळून ते त्या भोकात ठासू लागले. एक थर घालायचा, कुटायचा, मग पुढचा. खोदणं सवयीचं होतं, बुजवणं नवीन. त्यानंतर वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

पाणी परत आलं, पण घोट्याइतकंच. मामांची मान वर होईना. "तुझं पाणी मीच घालवलं गं, अक्का."

अक्कानं विहिरीत बादली सोडली, तिरकी करून अर्धी भरून घेतली आणि ती घेऊन फाटकाकडे चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"शेजारणीकडे. इतकी वर्षं घेतच आले. एकदा तरी देऊन येते."