रमणभाईची मूठ

रमणभाईने मला घोडीच्या व्यवहारात फसवलं आणि माझ्या नातीने रोटाच्या. पहिल्याला मी अजून माफ केलेलं नाही. दुसरीला करावंच लागलं. ती सात वर्षांची आहे, तिच्यावर रागवायची आमच्या घरात कुणाला परवानगी नाही.

आधी घोडीचं सांगतो, म्हणजे माझा राग किती रास्त आहे ते कळेल. मी चौथीत शाळा सोडून मिरचीची देठं खुडायला बसलेला माणूस. आज माझी स्वतःची पथारी आहे; मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडते आणि वारा फिरला की गाव शिंकतं. (वैभव मी एकट्याने उभं केलं, शिंका मात्र सगळ्यांनी वाटून घेतल्या.) अशा माणसाला उतारवयात एकदा घोडीवर बसून तापीकाठाने रपेट मारावीशी वाटली, तर चुकलं काय? सारंगखेड्याचा घोडेबाजार आमच्या गावापासून जवळच. पण तिथले व्यापारी मला ओळखतात. मी दिसलो की आधीच भाव चढवून ठेवतात, कारण मी तो उतरवल्याशिवाय राहणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून मी माझा भाव सांगून शेजारच्या रमणभाईला पुढे केलं. रमणभाई म्हणजे गुजर पाटील, केळीचा बागायतदार, घोड्यांतला दर्दी आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो गेला, रिवाजाप्रमाणे रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून त्याने सौदा केला, आणि पांढरीशुभ्र घोडी घेऊन आला. ती त्याने स्वतःच्या अंगणात बांधली. स्वतःसाठी.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. शेजारी राहून न बोलणं सोपं नसतं. त्यासाठी रोज ओट्यावर येऊन समोरच्याकडे पाठ करून बसावं लागतं, आणि तो बाहेर आला की नाही हे पाठीनेच ओळखावं लागतं.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, तशी खानदेशात बऱ्याच घरी बसते. नाशिकहून मुलगा-सून आले, सोबत नात ईश्वरी आणि पाच वर्षांचा नातू सोहम. मुलगा म्हणाला, "आबा, कानबाई म्हणजे काय ते पोरांना तुम्हीच समजावून सांगा. मला धड येत नाही."

आपल्याला येत नाही असं माझ्या मुलाने जन्मात पहिल्यांदा कबूल केलं होतं. मी लगेच धोतर सावरून बसलो. मलाही धड येत नाही, हे मांडी घातल्यावर लक्षात आलं.

"कानबाई म्हणजे देवी," मी म्हणालो.

"कुठली देवी?"

"आपली."

"पण हा तर नारळ आहे," सोहम म्हणाला. देव्हाऱ्यात आमच्या खापरपणजोबांच्या वेळचा नारळ आहे. त्याला डोळे बसवतात, नथ घालतात, खण नेसवतात.

"नारळ म्हणायचं नाही. देवी नारळाच्या रूपात येते."

"मग तिला फोडून खोबरं का नाही वाटत?"

मी म्हणालो, पुढचा प्रश्न.

"ती कुणाची बायको आहे?" ईश्वरीने विचारलं.

"कान्हेराची. काही लोक म्हणतात सूर्याची."

"म्हणजे नक्की माहीत नाही."

आयुष्यभर मी समोरच्याच्या मालात खोट काढत आलो. आता माझ्या मालात खोट निघत होती, आणि गिऱ्हाईक हलायला तयार नव्हतं. मी विषय बदलून रोटावर आलो, कारण रोटाचं मला पक्कं माहीत आहे. पोरांना सांगितलं की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढतात, ते एकत्र दळतात, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करतात, त्याला रोट म्हणतात. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, उरला तर जमिनीत पुरायचा.

"माझी मूठ?" ईश्वरी म्हणाली.

"मुलींची नसते."

"मग मी खायचं नाही?"

"खायचं."

"मूठ टाकायची नाही आणि खायचं?" तिला हा व्यवहार संशयास्पद वाटला. खरं सांगतो, मलाही पहिल्यांदाच वाटला. म्हणून घाईघाईने मी एकदम मोठ्या अर्थाला हात घातला. "बेटा, मूठ किती हे महत्त्वाचं नाही. ह्या पिठात ज्याची मूठ आहे तो आपला. त्याच्याशी भांडण नाही, फसवाफसवी नाही. हाच कानबाईचा अर्थ."

"आणि ज्याच्याशी भांडण आहे?"

"त्याची मूठ पिठात असती तर भांडण झालंच नसतं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मुलाकडे बघून पुन्हा म्हणालो. समोरच्याला काय विकत घ्यायचंय हे कळल्याशिवाय तोंड उघडू नये, हे मी पथारीवरच्या पोरांना रोज शिकवतो. ईश्वरी आल्यापासून शेजारच्या अंगणातल्या घोडीकडे बघत होती आणि मी तिला तिकडे पाऊल टाकायला बंदी केली होती. पण ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

गहू काढायचं काम मोठ्या वहिनींचं. माझ्या थोरल्या भावाच्या मागे त्याच घर सांभाळतात आणि कानबाईच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या नावं घेत गेल्या, पोरं मुठी टाकत गेली. मध्येच दूध उतू चाललं म्हणून वहिनी आत पळाल्या. गहू दळून आला, चाळला गेला, रविवारी कानबाई बसली, दिवेलागणीला आरती झाली, पानं मांडली. मी पहिला घास उचलणार, तोच ईश्वरी म्हणाली, "रमणआजोबांचं ताट कुठे आहे?"

"त्याचं ताट कशाला?" मी म्हणालो.

"मी त्यांची मूठ टाकली ना. एक माझी पण टाकली."

सगळ्यांचे हात पानावरच थांबले. सोहम तेवढा खात होता. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग कानबाईकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. "तिनी मूठ पडनी ते बरं व्हयनं," त्या अहिराणीत म्हणाल्या. "पन रमणभाईस्नं काय?"

"काय म्हणजे? त्याच्या वाटणीची पोळी पुरून टाकू."

"जित्ता मानूसना नावनं पुरतस का कोनी? ज्याना नावनी मूठ पडनी, त्यानी खाल्लाबिगर रोट सरत नही. जा भाऊ, बलाई लया."

मी रागाने लाल झालो. पण खरं सांगायचं तर जिवंत माणसाच्या नावाचा घास मातीत घालायला मीही धजेना. रमणभाईची तब्येत गेल्या वर्षापासून बरी नाही, हे मला पाठ करून बसल्या बसल्याही कळलं होतं. रात्री तो खोकतो. उद्या त्याला काही झालं तर सगळं गाव म्हणेल, मोतीलालने त्याच्या नावाची पोळी पुरली. आणि गावाआधी मीच म्हणेन. मी चप्पल घातली.

रमणभाई ओट्यावर खाटेवर बसला होता. मला बघून म्हणाला, "या मोतीशेठ. वाट चुकनात का?"

"जेवायला चल. रोट आहे."

"माले? रोट?" त्याच्या घरी कानबाई बसत नाही, पण रोटाचा नियम त्याला माहीत होता. मी नातीचा पराक्रम सांगितला. तो इतका हसला की खोकला लागला. मग पाणी पिऊन, मिशा पुसून सावकाश म्हणाला, "येस मी. पन आधी पोरस्समोर सांग, रमणनी माले फसाडं नही."

म्हणजे सौदा सुरू झाला. गरज माझी आहे हे त्याने ओळखलं होतं.

"थोडं फसवलंस, असं सांगतो," मी म्हणालो.

"थोडं बी नही. तू दिधेल भावमा घोडीनी शेपटी बी येत नव्हती. पैसा सगळा मी टाकात. मंग घोडी कोनी?"

"मला विचारायचं होतंस."

"इचारतू तर तू घासाघीस करतू."

करणारच होतो. त्यात लपवायचं काय आहे? पण पैसा सगळा त्याचा होता हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला तो विषय पूर्ण बोलू दिला नव्हता. शेवटी ठरलं की आज घोडीबद्दल मी काहीही बोलणार नाही. उद्याचं उद्या.

एवढ्यात दारात त्याची बायको शांताबेन येऊन उभी राहिली. "त्यास्ले गोड बंद शे," ती म्हणाली. "डॉक्टरनी सांगेल शे. परसाद म्हनीसन एक घास, बस."

रमणभाईने बिचाऱ्यासारखी मान हलवली आणि खांद्यावरचा पंचा हळूच माझ्या हातावर टाकला. पंच्याखाली त्याने माझी चार बोटं दाबली. चार पोळ्या! आता बघा, रोट संपवायची गरज माझी. त्याने जितकं जास्त खाल्लं तितकं माझं काम सोपं. पण समोरच्याने चार म्हटलं की माझा हात आपोआप एक म्हणतो, तशी त्याला सवयच आहे. मी एक बोट दाबलं. त्याने डोळे वटारले आणि तीन दाबली. मी एकावर अडून राहिलो. शांताबेन बघत होती, आम्ही दोघं आभाळाकडे पाहत पावसाबद्दल बोलत होतो, आणि खाली बोटं दुखेपर्यंत चालू होतं. दोनावर सौदा ठरला. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की माझ्याच पानावर मी माझंच नुकसान करून सौदा जिंकला होता.

रमणभाई जेवला. दोन पोळ्या त्याने इतक्या हळू खाल्ल्या की वहिनींनी डोळ्याला पदर लावला. ईश्वरी त्याच्या पानासमोर बसून प्रत्येक घास मोजत होती. शेवटचा घास गेला तशी म्हणाली, "आता तुमचं भांडण नाही ना? मग मी घोडीवर बसू?"

तेव्हा मला व्यवहार समजला. पण रोट पोटात गेला होता, आता माघार नव्हती.

सोमवारी सकाळी कानबाई निरोपाला तापीवर निघाली; नारळ न्हाऊन परत घरी येतो. वहिनींच्या डोक्यावर चौरंग, मागे बायका गाणी म्हणत, फुगड्या घालत, आणि सगळ्यांच्या पुढे रमणभाईची पांढरी घोडी. तिच्यावर माझी दोन्ही नातवंडं. पोरं पडू नयेत म्हणून लगाम घरच्या माणसाने धरावा असं रमणभाईने सुचवलं. तेव्हा जिच्यावर बसायचं स्वप्न मी पाहिलं होतं, तिच्यापुढे मी नवं धोतर चिखलात भिजवत नदीपर्यंत चालत गेलो. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मोतीलालभाऊंचा स्वभाव किती निवळला. मी त्यांना दात दाखवले. ते हसणं नव्हतं.

पोरं नाशिकला गेली. मला वाटलं प्रकरण मिटलं. पण रमणभाई आता रोट खाल्लेला माणूस, म्हणजे भाऊबंद. आणि खरा भाऊबंद झाल्याचा पुरावा त्याने आठवड्याच्या आत दिला: आमच्या दोन घरांमधला बोळ अर्धा त्याचा आहे, असा दावा लावून बसला. वहिनी म्हणतात घरातल्या माणसाशी वाद घालू नका. मग हा रोज तावातावाने बोळावर बोलतो, मी रोज तावातावाने उत्तर देतो, मध्ये शांताबेन चहा देते, त्याचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा, आणि तो माझ्या कपाकडे बघत राहतो. शत्रू होता तोवर निदान माझा वेळ माझा होता.

तेव्हा मला जाब पाहिजे. सणाचा अर्थ लहान पोरांना आजोबांनीच समजावून सांगावा, हा रिवाज ज्याने कुणी पाडला, त्याने एकदा आमच्या गावी येऊन मला तोंड दाखवावं. मी घरी सापडणार नाही. रमणभाईच्या ओट्यावर विचारा.