डाव्या हाताचं स्वयंपाकघर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर आहे. दहा फूट बाय आठ. भांडी नाहीत, डबे नाहीत. मधोमध दोन स्टुलांवर आडवी टाकलेली फळी, आणि तिच्यावर गुडघा रोवून करवत चालवणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ. करवत चार वेळा पुढेमागे जाते आणि थांबते. गृहस्थ श्वास घेतात. पुन्हा चार वेळा. फळीचं दुसरं टोक धरून बसलेली म्हातारी म्हणजे मी. माझं काम टोक हलू न देण्याचं आणि मध्येमध्ये "पुरे आता" म्हणण्याचं, जे कुणी ऐकत नाही.

बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "लागली का करवत?"

"नाही."

"मग थांबली कशाला?"

या वहिनी, या गृहस्थांची बायको. खाटेवर पडून आहेत, भोवती सगळ्या स्वयंपाकघराचा पसारा. आणि ही फळी आम्ही दुसऱ्यांदा कापतोय.

आमच्या नाटक कंपनीत या गृहस्थांना सगळे मिस्त्री म्हणायचे. नेपथ्य उभं करायचं त्यांनी, मिरवायचं आम्ही. त्यांनी बनवलेल्या सिंहासनांवर बसून मी इतक्यांदा राणी झाले की अजूनही ते मला राणीसरकार म्हणतात. चाळीस वर्षं या माणसानं राजवाडे उभारले, तुरुंग उभारले, एकदा तर रंगमंचावर गलबत आणलं. घरात मात्र एक धड खुंटी ठोकली नाही. वहिनी म्हणायच्या, "यांना फळी मारायला सांगितली की विचारतात, कितव्या अंकात लागणार?"

दोन महिन्यांपूर्वी वहिनींना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. मिस्त्री म्हणाले, "कुणाचं ते बघावं लागेल." वहिनी हसल्या, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते. ती धावत आली आणि रुग्णालयाच्या खाटेशीच तिनं विषय काढला.

"बाबा, आईला उभं राहता येत नाही. तुम्हाला पाणी उकळता येत नाही. दोघं करणार काय? माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे चौथा मजला."

"लिफ्ट आहे, बाबा."

"बंद पडते. तूच सांगितलंस."

खाटेवरून वहिनी म्हणाल्या, "मला माझ्या घरी जायचंय."

मुलगी पाठ फिरवून रडली. वाईट नाही हो ती पोर. आमच्याच मांडीवर वाढली, तिची काळजी मला कळते. डोळे पुसून ती म्हणाली, "पहिल्या तारखेला गाडी घेऊन येते. आईनं एकटीनं, कुणाचा हात न लागता, एक कप चहा करून दाखवला, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर कपडे भरायचे आणि निघायचं. मावशी, तू साक्षीदार."

वहिनी हाताचे व्यायाम शिकायला आणखी तीन आठवडे रुग्णालयात राहणार होत्या. तेवढ्या वेळात स्वयंपाकघर बदलायचं ठरलं.

आधी आवरासावर. मी तीन ढीग सांगितले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दुपारपर्यंत मिस्त्रींनी चौथा केला, तिला विचारायचं, आणि तो बाकीच्या तिन्हींपेक्षा मोठा झाला. कान तुटलेले कप, बिनझाकणाचे डबे, बिनडब्यांची झाकणं. एका डब्यात नुसत्या दोऱ्या निघाल्या, हातभराहून लहान. मी म्हटलं, "मिस्त्री, या तरी टाका." त्यांनी दोऱ्या गुंडाळल्या आणि चौथ्या ढिगावर ठेवल्या.

मग सुतारकाम. वहिनींना बसूनच सगळं करावं लागणार, म्हणून ओट्याऐवजी बुटकं टेबल. पाठ खिडकीखालच्या भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर तोल जातो, म्हणून स्टूल भिंतीशी आणि तोंड दाराकडे. शेगडी समोर. बाकी सगळं डाव्या हाताशी: कपांचे हूक, साखरेच्या डब्याची फळी, ओढून घ्यायचा चाकांचा खोका. बरणीचं झाकण एका हातानं फिरवलं तर बरणीही फिरते, म्हणून त्यांनी टेबलातच बरणीच्या बुडाएवढी गोल खोबण कोरली. बरणी आत बसली की घट्ट. मी दाराच्या बाजूनं उभी राहून, एक हात पाठीमागे बांधून चहाची बरणी उघडून पाहिली आणि टाळ्या वाजवायला दुसरा हात सापडेना.

एकोणीस दिवस लागले. संध्याकाळी मिस्त्रींची बोटं मुठीतून उलगडत नसत. मी कोमट पाण्याचं भांडं पुढे करायची आणि ते हात बुडवून बसायचे.

पहिल्या तारखेला चार दिवस होते तेव्हा वहिनी आल्या. माझ्या खांद्याचा आधार घेत स्टुलावर बसल्या. सगळीकडे पाहिलं. "छान केलंत हो," म्हणाल्या. मग डावा हात बाजूला केला. तिथे कोरी भिंत आणि पाण्याचा पाइप.

"पण हे सगळं माझ्या मेलेल्या हाताकडे का मांडलंय?"

"डावीकडेच आहे," मिस्त्री दारातून म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवलं.

"तुमच्या डावीकडे."

मिस्त्री वहिनींशेजारी जाऊन उभे राहिले. दाराकडे तोंड केलं. दोन्ही हात वर करून पाहिले, आधी हा, मग तो. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक नकाशा प्रेक्षकांच्या खुर्चीतून काढला होता. इथेही काढला. कागद आणून पाहिला, तर दाराच्या जागी त्यांच्याच हातची खूण होती, प्रेक्षागृहाची. आणि मी? मी जन्मभर रंगमंचावरून बाहेर पाहिलेली बाई, मला तरी दिसायला हवं होतं. मीही दारातूनच वाहवा केली.

मिस्त्री खाली फरशीवर बसले. मी म्हटलं, "सुतार बोलावू या."

"कालच विचारलं होतं टेबलाच्या पायासाठी. आठ दिवस रिकामा नाही." मग त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

पाइपामुळे डावीकडच्या फळ्या वीतभर आखूड हव्या होत्या. म्हणून ही करवत. नवी खोबण, नवे हूक. तिसऱ्या दिवशी मिस्त्री एका जागी उभ्याउभ्याच पेंगले, हातात हातोडी तशीच. वहिनी बाहेरून म्हणाल्या, "अहो, राहू द्या. जाईन मी लिफ्टनं." तेव्हा मात्र जागे झाले.

पहिल्या तारखेला मुलगी आली. तिच्या हातात रिकामी सुटकेस होती. ती दाराशी ठेवून उंबऱ्यावर बसली.

वहिनींनी मगानं पाणी घेतलं. निम्मं टेबलावर सांडलं. लायटर तिसऱ्या खटक्याला लागला. बरणी खोबणीत बसवली, झाकण फिरवलं, उघडलं. मिस्त्रींनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. दूध उतू गेलं. वहिनींनी शेगडी बंद केली, दम खाल्ला, पुन्हा लावली. वीस मिनिटं तरी गेली असतील. शेवटी कप टेबलावरून सरकत सरकत मुलीसमोर आला.

ती प्याली. "साखर फार झालीय, आई."

"डबा उंच बसवलाय यांनी. चमचा तिरका होतो, मी काय करू?"

मुलीनं कप रिकामा केला. स्वतःच धुतला आणि डावीकडच्या हुकाला लावला. मग सुटकेस उचलली आणि तशीच रिकामी गाडीत नेऊन ठेवली.

मिस्त्री तोवर फरशीवर आडवे झाले होते, उशाला फळीचा तुकडा.

"ऐकलं का," वहिनी म्हणाल्या, "तो साखरेचा डबा दोन बोटं खाली हवा."

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत.

"घेतो," ते म्हणाले. "पण उद्या. आज माझ्याच्यानं हातोडी उचलवत नाही."